पुसली गेलेली स्थळं

तात्या रिसबुडांच्या वधू-वर सूचक मंडळाची सगळी स्थळं माझ्या कॉम्प्युटरमधून नाहीशी झाली, तेव्हा मी शेजारच्या खोलीत दाढी करत होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलनीत आजही 'घैसासांनी स्थळं पुसली' असंच म्हणतात. एका गालाला साबण लावलेला असताना माणूस काय काय पुसू शकतो, यालाही काही मर्यादा असते.

पुसली ती देवदत्तने. देवदत्त म्हणजे माझी बायको भार्गवी हिचा धाकटा भाऊ. पुण्याला एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी, स्वतःचा फ्लॅट, तिशी उलटलेली, आणि लग्न व्हायचं होतं. ते होत नव्हतं याचं कारण देवदत्तच्या अपेक्षा. मुलगी उंच हवी, चष्मा नको, पुण्याबाहेरची नको, फार बोलणारी नको, आणि तिला नोकरी असावी पण तिने घरी नोकरीचा उल्लेख करू नये. मुली बघून आला की तो प्रत्येकीतल्या त्रुटी अशा सांगायचा, की आपण मुलीबद्दल बोलतोय की स्कूटरबद्दल असा प्रश्न पडावा. शेवटी भार्गवीने वैतागून त्याला न विचारताच तात्यांच्या मंडळात त्याचं नाव घातलं.

तात्या रिसबूड आमच्या शेजारच्या बंगल्यात राहतात. उभी हयात वाळवा तालुक्यात मुख्याध्यापकी केली, मग सांगलीत येऊन राहिले, आणि ज्यांना पाढे शिकवले त्यांच्याच पोरांची लग्नं जमवू लागले. 'सुमुहूर्त वधू-वर सूचक मंडळ' ही पाटी त्यांच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' या पाटीच्या बरोबर खाली आहे. विद्यार्थी सगळ्या जातीपातींचे, त्यामुळे मंडळातही भिक्षुकांपासून मेंढरंवाल्यांपर्यंत सगळे. प्रत्येक स्थळाचं एक कार्ड. कार्डं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत. आणि कुठलं कार्ड कुठल्या डब्यात हे फक्त तात्यांच्या डोक्यात.

तात्यांचं वय बघता ही व्यवस्था मला धोक्याची वाटली. त्यातून मी नुकताच कॉम्प्युटर घेतला होता. विमा कचेरीतल्या माणसाने घरी कॉम्प्युटर घेतला की त्याला लवकर काहीतरी काम लावून द्यावं लागतं, नाहीतर बायको त्यावर फुलदाणी ठेवते. भार्गवीने ठेवलीच होती.

मी सगळा उन्हाळा एका बोटाने स्थळं टाइप केली. आधी सगळ्यांचा वरचा भाग: नाव, पत्ता, जन्म, जात, उंची, रंग, शिक्षण. मग आंब्याचे दिवस सरल्यावर पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांचा खालचा भाग: छंद, स्वभाव, अपेक्षा. हे असं दोन हप्त्यांत काम करणं पुढे फार महागात पडलं, पण आमरस खाल्लेल्या माणसाला पुढचं काय दिसणार? काम संपल्यावर मी तात्यांच्या व्हरांड्यात एक छोटंसं भाषणही केलं. त्यात 'कागदाचा जमाना संपला' असं एक वाक्य होतं. ते वाक्य तात्यांच्या थोरल्या बहिणीने, मनुबाईंनी, आत स्वयंपाकघरात ऐकलं. पावसाळ्यात जळण ओलं. मनुबाई रोज सकाळी बंब पेटवायला मूठभर कार्डं घेऊ लागल्या. गणपती येईपर्यंत सांगली-सातारा भागातल्या तमाम उपवर मुलामुलींनी तात्यांचं आंघोळीचं पाणी तापवलं होतं.

दिवाळीत देवदत्त भाऊबीजेला आला. ओवाळून घेतलं, करंजी उचलली, आणि माझ्या कॉम्प्युटरकडे बघून पेशंटच्या मुलाला बाजूला बोलावताना डॉक्टर करतात तसा चेहरा केला.

"भाऊजी, अजून हेच जुनं चालवता?"

"चालतंय की."

"चालतंय म्हणजे काय, बैलगाडीपण चालते. नवीन विंडोज टाकतो. तुम्ही दाढी करून या, तोवर झालेलं असेल."

त्याने एकामागून एक फ्लॉप्या सरकवायला सुरुवात केली, मी डाव्या गालाला साबण लावला, आणि वीज गेली. सांगलीत वीज जाण्याचं मला नवल नाही. पण आजवर ती गेली की नुसता पंखा थांबायचा. या वेळी ती गेली ती निम्मंशिम्मं नवीन भरून झालेलं आणि निम्मं जुनं उचकटलेलं असताना. वीज परत आली, पण स्थळं आली नाहीत. देवदत्तने बराच वेळ बटणं बडवली. मग उठून माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "भाऊजी, बॅकअप असेलच ना तुमच्याकडे?" इतक्या प्रेमळ आवाजात तो माझ्याशी लग्नातसुद्धा बोलला नव्हता.

बॅकअप नाही असं कसं होईल? मी विमा कचेरीतला माणूस. मी ऐटीत कपाट उघडून फ्लॉपी काढली. तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं होती. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची असतात. भार्गवीने विळी, कात्री, पाना आणि ही फ्लॉपी पाटावर मांडून यथासांग पूजा केली होती. पूजेत काही उणं नव्हतं. सरकत्या पत्र्याच्या आत गंधाचं पाणी वाळलेलं होतं आणि मध्ये अक्षतांचा एक अख्खा दाणा होता.

"तुमचं हत्यार म्हणूनच ठेवली मी," भार्गवी म्हणाली.

मी तो दाणा नखाने बाहेर काढला. मनातून थोडं बरंही वाटलं, पण तो क्षण तसा नव्हता.

तात्यांना सांगायला मी आणि देवदत्त दोघे गेलो. मार्गशीर्षात साताऱ्याला मंडळाचा मेळावा ठरलेला. कार्यालय घेतलेलं, वर्तमानपत्रात निवेदन दिलेलं, सगळ्या स्थळांची पुस्तिका छापायला द्यायची होती. डोळे साथ देत नाहीत म्हणून हा आपला शेवटचा मेळावा, असं तात्या वर्षभर सांगत होते. देवदत्तने त्यांना समजेल अशा भाषेत सांगायचा प्रयत्न केला.

"तात्या, एक गाव आहे समजा. घरांवरच्या पाट्या गेल्यात. माणसं आत आहेत, पण कोण कुठं राहतं ते कळत नाही."

"मग हाका मारा की!"

"शिवाय काही घरं पाडून तिथं दुसरं बांधकाम झालंय."

"कोणाच्या परवानगीने?"

देवदत्त माझ्याकडे बघायला लागला. तात्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि तसाच हातात धरून बसले. "घैसास," ते म्हणाले, "लोकांनी विश्वासाने आपापल्या लेकी सांगितल्यात हो माझ्यापाशी. आता कोणाला म्हणू की तुमची मुलगी माझ्याकडून हरवली?"

त्यापेक्षा त्यांनी मला शाळेतली छडी मारली असती तर चाललं असतं. देवदत्त मान खाली घालून उभा होता. त्याने त्याच दिवशी पुण्याला फोन करून रजा वाढवली, आणि या माणसात काहीतरी बरं आहे अशी शंका मला प्रथमच आली.

बातमी कॉलनीत पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या होमिओपॅथ डॉक्टरांनी कॉम्प्युटरचा डबा दोन दिवस उन्हात ठेवायला सांगितला. ओल धरली असेल तर निघून जाईल. कोपऱ्यावरच्या काकूंनी कोणाची नजर लागली ते विचारलं आणि उत्तर यायच्या आत तीन नावं स्वतःच सांगितली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त सुभेदार पक्कड घेऊनच खाली आले. "घैसाससाब, पूरा खोलो. सगळे पुर्जे चादरीवर मांडा, रॉकेलनं पुसा, परत बसवा. सियाचीनला आमी जनरेटर असाच चालू केल्याला." मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. पक्कड ते इथेच ठेवून गेले, माझा विचार बदलला तर असावी म्हणून.

देवदत्तचा राजस नावाचा एक कॉलेजमित्र इस्लामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळत होता. पुसलेलं परत काढायचा प्रोग्राम त्याच्याकडे होता. तेव्हा कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळून देवदत्तने मांडीवर घेतला आणि मी स्कूटर काढली. आष्ट्याच्या स्टँडपाशी चहाला थांबलो तर दोन बायांनी गोधडी बघून हळहळत विचारलं, "किती दिसाचं हाय?" देवदत्त म्हणाला, "होईल आता वर्षाचं." बाया एकमेकींकडे बघत लांब सरकल्या.

कारखान्याचा हंगाम जोरात. फाटकापासून रस्त्यापर्यंत बैलगाड्या, हवेत मळीचा वास, आणि राजसला मान वर करायला फुरसत नाही. ऊसतोडीच्या चिठ्ठ्या छापून झाल्यावर त्याने आमचा डबा जोडला, आणि त्याचा प्रोग्राम कोपऱ्याकोपऱ्यातून तुकडे वेचायला लागला. पडद्यावर नुसत्या फुल्या, स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा. माझा धीर खचला.

"थांबा, मराठी टाइप बसवायचा राहिलाय," राजस म्हणाला. त्याने काहीतरी केलं, चिवडा हलला, आणि मधोमध एक शब्द उमटला: 'निर्व्यसनी'.

एका निर्व्यसनी माणसाला बघून तीन माणसांना इतका आनंद झाल्याचं दुसरं उदाहरण नसेल. आम्ही खुर्च्यांवरून उठलो. देवदत्तने राजसला मिठी मारली.

पण नुसतं निर्व्यसनी असून भागत नाही. कोण निर्व्यसनी ते कळायला हवं. मी दोन हप्त्यांत टाइप केल्यामुळे प्रत्येक स्थळाचा वरचा भाग एकीकडे आणि खालचा भाग दुसरीकडेच जाऊन बसला होता. कोणाचं काय, हे सांगणारी अनुक्रमणिका नेमकी नव्या विंडोजखाली गाडली गेली होती. राजसने तुकडे जसे निघाले तसे कारखान्याच्या रुंद, दोन्ही कडेला भोकं असलेल्या कागदावर छापून दिले. शिरं एकीकडे, धडं दुसरीकडे.

परत येताना सांगलीच्या जकात नाक्यावर आम्हाला अडवलं. कारकून सभ्य होते, पण नियमाचे.

"काय आहे?"

"कॉम्प्युटर. आमचाच आहे, सकाळी इथूनच नेला."

"बाहेर नेताना नोंद केलीत?"

"नाही."

"मग तो बाहेर गेलाच नाही. जो गेला नाही तो परत कसा येईल? हा नवीन माल."

"अहो, जुना आहे! बिघडलाय सुद्धा."

"बिघडलेला आहे असा दाखला?"

देवदत्तने अर्धा तास घालून त्यांना सगळी हकीकत सांगितली, गावाच्या पाट्यांसकट. कारकुनांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रिसबूड गुरुजींचं मंडळ म्हणता? माझ्या भाचीचं नाव आहे त्यात." मग ते स्वतः टेबलामागून बाहेर आले, आमच्याकडून एक कबुलीजबाब लिहून घेतला आणि डबा सोडला. शिवाय भाचीचा खालचा भाग सापडला तर तिची अपेक्षा 'सरकारी नोकरी' अशी आहे, ती बदलून 'कोणतीही' करायला सांगितली.

दुसऱ्या दिवसापासून तात्यांच्या हॉलमध्ये जुळणी सुरू झाली. सतरंजीवर कागदाच्या पट्ट्या, मध्ये डिंकाची बाटली, आणि सगळी कॉलनी मदतीला. तात्या वरचा भाग वाचायचे, बाकीचे खालचा शोधायचे. मनुबाईंची पद्धत निराळी होती. त्या कोण कोणाचं आहे ते बघत नसत. कोण कोणाला शोभेल ते बघून डिंक लावत. दुपारपर्यंत त्यांनी 'शिवण, भरतकाम' एका सहा फुटी पोलीस शिपायाला चिकटवलं होतं आणि 'कुस्ती, रोज दोन लिटर दूध' माधवनगरच्या सोनमला.

"मनूताई, ती मुलगी आहे!" तात्या ओरडले.

"मग? मुलीनं दूध पिऊ नये?"

यातून निघणारी पुस्तिका छापण्यात अर्थ नव्हता. जिथे शंका तिथे घरी जाऊन विचारून यायचं असं ठरलं, आणि जायचं कोणी यावर फार चर्चा झाली नाही. मी आणि देवदत्त स्कूटरवरून गावोगाव हिंडू लागलो. लोक आम्हाला बघायला आलेले पाहुणे समजून कांदेपोहे करत. पहिल्या आठवड्यात मी इतके पोहे खाल्ले, की भार्गवीने घरी पोह्यांचं नाव काढलं की मी गच्चीवर जायचो.

आष्ट्याजवळच्या वस्तीवर धोंडुबाईंच्या घरी गेलो तो दिवस मात्र मी विसरणार नाही. घर मूळचं मेंढरं राखणाऱ्यांचं, आता शेतीही होती. मुलगा अर्जुना शाळेत मास्तर. धोंडुबाईंनी आम्हाला घोंगडं अंथरून बसवलं, ताक दिलं आणि म्हणाल्या, "वाचा, काय लिवलंय माज्या ल्येकाचं."

मी वाचलं. वरचा भाग बिनचूक. खालचा भाग सुरू झाला: छंद रांगोळी, स्वभाव लाजाळू. धोंडुबाईंनी अर्जुनाकडे बघितलं. अर्जुनाने जमिनीकडे. मी पुढचं वाक्य वाचून गेलो तेव्हा मला थांबायला उशीर झाला होता: 'सासू नसल्यास उत्तम.'

"काय म्हनलासा?"

"चूक आहे ती, धोंडुबाई, कॉम्प्युटरची—"

"आरं अर्जुना! मी जित्ती हाय न्हवं रं अजून? मला न इचारता ह्ये लिवून दिलंस व्हय?"

"आये, म्या न्हाई लिवलं! मला सासू कशाला नको आसंल?"

"आनि रांगोळी कवा काढतोस रं तू? माज्या माघारी?"

देवदत्तने मध्ये पडून सगळं समजावलं. ते वाक्य माधवनगरच्या सोनमचं आहे, तुमच्या मुलाचा कुस्ती आणि दुधाचा भाग तिला चिकटलाय, यात कोणाचाच दोष नाही. 'दोष माझा आहे' असंही तो शेवटी म्हणाला, ते मी ऐकलं. धोंडुबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पदर तोंडाला लावून हसू लागल्या. "लय धाडसी पोरगी हाय म्हनायची. तोंडावर सांगती. आवं, बाकीच्या मनात ठिवत्यात नि लगीन झाल्यावर बोलत्यात. कुटं ऱ्हाती म्हनलासा ती?"

मी पत्ता दिला. मेळाव्याच्या दिवशी धोंडुबाई सोनमच्या शेजारची खुर्ची पकडून संध्याकाळपर्यंत हलल्या नाहीत. त्यांचं पुढे काय झालं ती वेगळी कथा आहे. एवढंच सांगतो की सासू आहे, आणि सून तिला उलट बोलते, आणि दोघी मिळून अर्जुनाला बोलतात.

हळूहळू सगळ्यांना आपापली धडं मिळाली. ज्यांचा खालचा भाग कायमचा गेला होता त्यांना विचारून नवीन लिहिला. आणि शेवटी डिंकाच्या बाटलीपाशी एकच पट्टी उरली. खालचा भाग होता. वरचा, नावगाव सगळं, नव्या विंडोजखाली गेलेलं. ती पट्टी अशी होती:

'स्वयंपाक येतो, रोज आवडत नाही. छंद सायकल दुरुस्त करणे. मोठ्याने हसण्याची सवय आहे, प्रयत्न करूनही गेली नाही. घरात एक मांजर आहे, ते बरोबर येईल. अपेक्षा: समोरचं माणूस बोलत असताना ऐकून घेणारा जोडीदार. बाकी काही सुचत नाही.'

"मुलगा असणार," होमिओपॅथ म्हणाले. "सायकल दुरुस्ती!"

"मुलगी," देवदत्त म्हणाला. "मांजर बरोबर येईल म्हणजे घर सोडून जाणार ते माणूस."

"घरजावई असेल," मनुबाई म्हणाल्या.

सगळे माझ्याकडे वळले. टाइप मी केलं होतं ना? आता टाइप करणं आणि वाचणं ही दोन निराळी कामं आहेत हे ज्यांनी कधी टाइप केलं नाही त्यांना कसं सांगणार? मला फक्त मांजर आठवत होतं. ते कुटुंबीयांत धरायचं की छंदात यावर मी त्या वेळी बराच विचार केला होता.

तात्यांनाही आठवेना. त्यांनी निर्णय दिला, "आहे तसं छापा. आपल्याकडे नोंदलेलं माणूस आहे, गाळायचं नाही." पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर ते स्थळ गेलं. वर नाव, वय, उंची, रंग, जात यांच्यापुढे नुसत्या रेघा, आणि खाली तो मजकूर. मुद्रितं तपासायचं काम देवदत्तने मागून घेतलं. त्या एका पानाची तो रोज तपासणी करत होता. त्यात चूक असायला जेमतेम सहा ओळी होत्या.

"चुकलंय का काही?" मी एकदा विचारलं.

"नाही," तो म्हणाला, आणि पान उलटं ठेवलं.

मेळाव्याला साताऱ्यातलं ते कार्यालय भरून गेलं. तात्या माइकपाशी, मनुबाई हळदीकुंकवाला, भार्गवी चहाला, आणि मी व देवदत्त चौकशीच्या टेबलावर. आणि काय सांगू, सगळी चौकशी शेवटच्या पानाची! लोक सगळी पुस्तिका चाळून त्या रेघांपाशी थांबत होते. कोरेगावचे एक गृहस्थ दोनदा येऊन गेले.

"रंगाने कशी आहे?"

"पुसला गेलाय."

"जात?"

"तीही."

"वय तरी?"

"तेही गेलं."

"मग राहिलंय काय?"

"ते खाली छापलंय," देवदत्त म्हणाला. "वाचलंत का?"

दोन मुलींच्या आयांनीही तो मुलगा आहे समजून पत्ता मागितला. एकीला मांजराची अॅलर्जी होती, पण तिची तडजोडीची तयारी होती.

जेवणाच्या आधी एक गृहस्थ तावातावाने पुस्तिका फडफडवत टेबलापाशी आले. वाईचे होते. "आमच्या बहिणीचं नाव कुठाय? मी स्वतः कार्ड भरून दिलं होतं! नाव नाही, गाव नाही, नुसत्या रेघा! आणि खालची ही सायकल नि मांजर तर आमच्याच घरातली, हे असलं काय छापलंत?"

"खालचं मी भरलं होतं, दादा," त्यांच्या मागून कोणीतरी म्हणालं, "तू पेन ठेवून चहा घ्यायला गेलास तेव्हा." आणि ती हसली. काय हसली! माइकवर तात्या कोणाची तरी माहिती वाचत होते, ते थांबले.

गोदावरी तिचं नाव. बेताची उंची, चष्मा, वाईच्या टपाल कचेरीत नोकरी. हाताच्या बोटांना ग्रीजचा काळेपणा होता. घरून निघायच्या आधी सायकलची चेन बसवली असावी. देवदत्त उभा राहिला, मग बसला, मग पुन्हा उभा राहिला. मला काळजी वाटली. नोकरी सोडली तर त्याच्या अपेक्षांपैकी एकही पुरी होत नव्हती.

"लिहून घ्या," दादा म्हणाले. "वय अठ्ठावीस."

"बत्तीस," गोदावरी म्हणाली.

"रंग गोरा."

"समोर आहे, त्यांना दिसतोय."

"स्वभाव शांत, मितभाषी—"

ती पुन्हा हसली. दादांनी कपाळाला हात लावला. देवदत्त हातात पेन घेऊन नुसताच बघत होता. त्याने एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

"स्थळं पुसणारे ते तुम्हीच का?" तिने माझ्याकडे बघून विचारलं. सातारा जिल्ह्यातही हीच कीर्ती! मी तोंड उघडलं, दाढीचं सांगणार होतो, तेवढ्यात देवदत्त म्हणाला, "नाही. ते मी."

"सगळ्यांची पुसलीत?"

"हो. परत मिळवली बरीचशी. तुमचं नाव नाही मिळालं. खूप शोधलं."

"का?"

देवदत्तने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. तिने पुस्तिका उघडली. भार्गवीच्या कृपेने त्याचंही स्थळ त्यात होतं, छायाचित्रासकट. ती ते वाचू लागली. उंच, चष्मा नको, पुण्याबाहेरची नको, फार बोलणारी नको. मी मनात मारुतीचं नाव घेतलं.

वाचून तिने पान त्याच्यापुढे धरलं. "हे तुमचं?"

"होतं," देवदत्त म्हणाला.

"म्हणजे?"

"आता नाहीये. जुनं आहे ते. छापायच्या आधी मीच काढायला हवं होतं, पण... माझं लक्ष दुसऱ्या पानावर होतं."

ती या वेळी हसली नाही. चष्म्याच्या वरून त्याच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "इथं बाहेर चहा बरा मिळतो का? आतला फार गोड आहे." आणि दोघे निघाले. तो आतला चहा भार्गवीने केलेला होता. पण भावासाठी तिने तेवढं ऐकून घेतलं.

दादा माझ्याशेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसले. "मुलगा कसा आहे हो?"

मी विमा कचेरीतला माणूस. आजार लपवणं आमच्याकडे गुन्हा आहे. "थोडा शहाणा आहे," मी म्हणालो. "पण मोडलेलं सोडून पळत नाही. एवढं मी या महिन्यात बघितलं."

दादांनी जरा विचार केला. "आमची सगळं मोडूनच बघते. म्हणते, त्याशिवाय दुरुस्त कसं करायचं कळत नाही."

जेवणं झाली, दुपार कलली. तात्या माइकवर एकेक स्थळ वाचत शेवटच्या पानापर्यंत आले. आता नाव मिळालं म्हणून त्यांना केवढा आनंद! "वाईच्या कुमारी गोदावरी," ते पुकारत होते, "असतील तिथून व्यासपीठाजवळ याव्यात!" कोणी आलं नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं. मग देवदत्तलाही पुकारलं. लोक उठून चपला शोधू लागले, सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झाली, आणि तात्यांचा आवाज कापरा झाला. एकदा हरवलेलं माणूस सापडून पुन्हा हरवलं की म्हातारा माणूस घाबरणारच.

मनुबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्यामागून मीही बघितलं. रस्त्यापलीकडून दोघं येत होती, अगदी सावकाश. ती हातवारे करून काहीतरी मोठी हकीकत सांगत होती. आणि आमचा देवदत्त, ज्याने जन्मात कोणाचं एक वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं, तो मान तिरकी करून ऐकत होता. मध्ये एक ट्रक आला. ती थांबली. ट्रक जाईपर्यंत तोही गप्प थांबला आणि मग म्हणाला, "पुढं?"

मनुबाई आत वळल्या. "बंद कर रे तो माइक, तात्या," त्या म्हणाल्या. "सापडली दोघं."